प्रॉक्समॉक्स क्लस्टरचा होस्ट रात्री आपोआप रीबूट व्हायलाय? रॅम बदलायच्या आधी हे बघा

गाळप हंगाम सुरू झाला की ही तक्रार ठरलेली. एरवीही येते, पण हंगामात कारखान्याचा वजनकाटा चोवीस तास चालू असतो, आणि काट्याचं सॉफ्टवेअर ज्या व्हीएमवर (सर्व्हरच्या आत चालणाऱ्या व्हर्च्युअल मशीनवर) आहे ती चार-पाच मिनिटं जरी बसली तरी गेटापासून रोडपर्यंत ट्रॅक्टरची रांग लागते अन् आयटीवाल्याचा फोन वाजायचा थांबत नाही. दर वेळी कहाणी सारखीच असते: तीन होस्ट (म्हणजे खरे सर्व्हर) एकत्र जोडून केलेलं क्लस्टर, मागं तिघांनाही वापरता येणारं एक शेअर्ड स्टोरेज, वर व्हीएम चालवणारं प्रॉक्समॉक्स, एचए (होस्ट पडला की त्याच्या व्हीएम दुसरीकडं आपोआप उठवणारी सोय) चालू. रात्री एक-दोनच्या सुमारास त्यातला एक होस्ट आपोआप रीबूट होतो, त्याच्या व्हीएम दुसऱ्या होस्टवर उठतात, सकाळी बघावं तर सगळं हिरवंगार. लॉगमध्ये काही सापडत नाही. मग कुणी म्हणतं रॅम गेली, कुणी म्हणतं पॉवर सप्लाय, कुणी म्हणतं सर्व्हर रूमचा एसी बंद पडला असंल, आणि व्हेंडर येऊन मदरबोर्ड बदलून बिल लावून जातो. आठ दिवसांनी परत तेच.

मी लातूर-धाराशिव पट्ट्यात अशीच छोटी छोटी क्लस्टर सांभाळतो, कारखाने, पतसंस्था, एखादं हॉस्पिटल. माझं मत सांगतो: अशा केसमध्ये होस्ट बिघडलेला नसतो, त्याला सांगितलेलं काम तो बरोबर करत असतो. त्यानं स्वतःला मुद्दाम रीसेट केलेलं असतं. म्हणून शोधायचं ते होस्टच्या पोटात नाही, होस्टांच्या मधल्या वायरीवर.

आधी हे कामून होतं ते समजून घ्या, नायतर पुढचं सगळं उगं कमांड मारत बसणं होईल. शेअर्ड स्टोरेजवर व्हीएमची डिस्क एकच असते आणि ती तिन्ही होस्टांना दिसते. आता समजा होस्ट दोनचा बाकीच्यांशी संपर्क तुटला पण तो स्वतः जिवंत आहे, त्याच्यावरची व्हीएमही डिस्कवर लिहायलीय. इकडं बाकी दोघांना वाटलं तो मेला, त्यांनी तीच व्हीएम आपल्याकडं चालू केली. अडत दुकानात एकाच खतावणीत दोन मुनीम एकमेकाला न बघता हिशोब लिहायला बसले तर जे होईल ते त्या फाईलसिस्टीमचं होतं. बॅकअपवरूनच परत यावं लागतं. हे टाळायला नियम असा की ज्या होस्टचा कोरम (क्लस्टरमधलं बहुमत) गेला आणि ज्याच्यावर एचए चालू आहे, त्यानं वॉचडॉगला (थोपटणं थांबलं की मशीन रीसेट करणाऱ्या टायमरला) थोपटणं बंद करायचं, आणि ६० सेकंदांत वॉचडॉग त्याला सरळ रीसेट मारतो. त्यानंतरच बाकीचे त्याच्या व्हीएम उचलतात. ह्याला फेन्सिंग म्हणतात, नवीन होस्टवर व्हीएम उठेपर्यंत साधारण दोनेक मिनिटं जातात, त्यात विंडोजला बूट व्हायला लागतात ती वेगळी.

व्हीएमवेअरवरून आलेल्यांचा इथंच घोळ होतो. ब्रॉडकॉमनं नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर घेतलं, पर्मनंट लायसन्स बंद केली, आणि आपल्याकडचे छोटे ग्राहक प्रॉक्समॉक्सकडं वळले. तिकडं होस्ट आयसोलेट झाला, म्हणजे संपर्क तुटून एकटा पडला, तर व्हीएमचं काय करायचं ते आयसोलेशन रिस्पॉन्समध्ये ठरवता येतं, होस्ट स्वतःला रीबूट करत नाही. इथं करतो. त्यामुळं तिकडची सवय असलेला माणूस होस्ट रीबूट दिसला की पहिलं हार्डवेअरवर बोट ठेवतो. त्यात त्याची काही चूक नाही, पण पैसे वाया जातात.

लॉग रिकामा दिसतो तेही ह्याच कारणानं. रीसेट हा हार्ड रीसेट असतो, शेवटच्या काही सेकंदांतलं डिस्कवर जाईपर्यंत मशीन गेलेलं असतं. तरी एकदा जर्नलसीटीएल ह्या लॉग वाचायच्या कमांडला मायनस बी मायनस वन देऊन मागच्या बूटचा शेवट बघा. नशीब असेल तर वॉचडॉग-मक्स ह्या वॉचडॉग सांभाळणाऱ्या सर्व्हिसची 'क्लायंट वॉचडॉग एक्स्पायर्ड' अशी ओळ सापडते, ती सापडली की हार्डवेअरचा विषय संपला. नाही सापडली तर जे दोन होस्ट जिवंत राहिले त्यांच्यावर जा, खरी साक्ष तिथं असते. कोरोसिंकचा (होस्टांना एकमेकांच्या संपर्कात ठेवणाऱ्या सर्व्हिसचा) लॉग उघडा आणि रीबूटच्या आधीच्या पाच-दहा मिनिटांचं वाचा. 'रीट्रान्समिट लिस्ट'च्या ओळींचा पाऊस, मग 'टोकन हॅज नॉट बीन रिसीव्ड', मग केनेटची (कोरोसिंकच्या नेटवर्क लिंक सांभाळणाऱ्या भागाची) 'लिंक इज डाउन', मग 'अ प्रोसेसर फेल्ड, फॉर्मिंग न्यू कॉन्फिगरेशन'. हा क्रम दिसला तर होस्ट मेला म्हणून नेटवर्क गेलं असं नसून नेटवर्क गेलं म्हणून होस्टनं स्वतःला मारलं, हे पक्कं. उलट जिवंत होस्टांवर काहीच कुरकुर नाही आणि एकदम लिंक डाउन झाली, तर मात्र पॉवर सप्लाय नाहीतर रॅमवर संशय घ्यायला हरकत नाही, तवा आयपीएमआयचा (सर्व्हरच्या हार्डवेअरवर लक्ष ठेवणाऱ्या चिपचा) इव्हेंट लॉग बघा.

अजून खात्री करायची असेल तर एक साधा प्रयोग आहे. दोन-तीन रात्री एचएच्या यादीतून सगळ्या व्हीएम काढून टाका (व्हीएम चालूच राहतात, फक्त होस्ट पडला तर दुसरीकडं आपोआप उठणार नाहीत, हे मालकाला आधी सांगून ठेवा). एचए स्टेटसमध्ये सगळ्या होस्टांचं एलआरएम (त्या होस्टवरचं एचएचं काम बघणारी सर्व्हिस) 'आयडल' दिसलं पाहिजे, 'ॲक्टिव्ह' दिसत असेल तोवर वॉचडॉग जागा आहे, थोडा वेळ वाट बघा, तरी होईना तर एलआरएमची सर्व्हिस रीस्टार्ट करा. आता रात्री कोरोसिंक बोंबलला पण होस्ट रीबूट झाला नाही, तर गुन्हेगार सापडला. ज्या होस्टवर एचएची एकही व्हीएम नाही तो कोरम जाऊनही रीबूट होत नाही, म्हणून तर पुष्कळ ठिकाणी 'तीनपैकी हा एकच सर्व्हर खराब हाय' असा समज होतो. तो खराब नसतो, बिचाऱ्यावर एचएच्या व्हीएम असतात इतकंच.

मग रात्रीच कामून? कारण बॅकअप. कोरोसिंकला बँडविड्थ किरकोळ लागते पण त्याला उशीर चालत नाही, होस्ट-होस्टमधली लेटन्सी (पॅकेट पोचायला लागणारा वेळ) ५ मिलिसेकंदांच्या आत पाहिजे. आणि आपल्याकडं करतात काय, सर्व्हरला चार पोर्ट असताना एकाच पोर्टवर मॅनेजमेंट, कोरोसिंक, एनएफएस (नेटवर्कवरून फाईल वाटणारं स्टोरेज) आणि बॅकअप सगळं लादतात कारण स्विचवर पोर्ट शिल्लक नव्हते. एक गिगाबिटची वायर म्हणजे सगळं पकडून सेकंदाला सव्वाशे एमबी, प्रत्यक्षात त्याहून कमी. बॅकअपच्या वेळी होस्टच्या पोर्टवर आत यायच्या बाजूला शेअर्ड स्टोरेजचं वाचन असतं आणि बाहेर जायच्या बाजूला एनएएसवरचं (नेटवर्कवरच्या बॅकअप डबड्यावरचं) लिखाण, म्हणजे दोन्ही बाजू भरल्या, आणि कोरोसिंकची छोटी छोटी पॅकेट त्या गर्दीत अडकून राहतात. वरून बॅकअपचा एकच जॉब सगळ्या होस्टांसाठी लावलेला असेल तर तो तिन्हीवर एकाच क्षणाला सुरू होतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. रात्री एकचा जॉब असेल आणि होस्ट एक वाजून काही मिनिटांनी पडत असेल तर अजून काय पुरावा पाहिजे.

हे डोळ्यानं बघायचं असेल तर दुपारी निवांत वेळी बॅकअप हातानं सुरू करा आणि एका होस्टवरून दुसऱ्याला पिंग लावून ठेवा. एरवी अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत येणारा रिप्लाय चाळीस-पन्नासवर जायला लागला की कळतंच. हा प्रयोग करताना एचए काढलेलीच ठेवा बरं का, नाहीतर प्रयोगातच होस्ट रीबूट होईल अन् दुपारचा काटा थांबेल.

तात्पुरता इलाज बॅकअपला लगाम लावणं. व्हीझेडडम्पच्या (प्रॉक्समॉक्सच्या बॅकअप टूलच्या) कॉन्फिग फाईलमध्ये बीडब्ल्यूलिमिट, म्हणजे वेगाची मर्यादा असते, ते सेकंदाला केआयबीमध्ये द्यायचं, ५१२०० दिलं म्हणजे ५० एमबीच्या आसपास. आणि जॉब होस्टनिहाय वेगळे करून एक-दोन तासांच्या अंतरानं लावा. ह्यानं त्याच रात्रीपासून फरक पडतो, पण ह्यावर समाधान मानून बसू नका, कारण उद्या कुणीतरी मोठी व्हीएम मायग्रेट करेल (दुसऱ्या होस्टवर हलवेल) नाहीतर डिस्क हलवेल, आणि परत तेच.

खरा इलाज कोरोसिंकला स्वतःची वायर देणं. सर्व्हरचा रिकामा पोर्ट, एक साधा वेगळा स्विच, अगदी गिगाबिटचा अनमॅनेज्ड पण चालतो, त्यावर फक्त तीन होस्टांच्या तीन वायरी, दुसरं काही नाही. कुणी त्यात सीसीटीव्हीचा डीव्हीआर खुपसू नये म्हणून उरलेल्या पोर्टांवर टेप मारा, मी गंमत करत नाही. जुनं नेटवर्क काढून टाकायचं नाही, ते दुसरी लिंक म्हणून ठेवायचं. कोरोसिंकच्या कॉन्फिगमध्ये प्रत्येक नोडला (होस्टला) रिंग वनचा, म्हणजे नव्या वायरीचा पत्ता द्या, त्याच फाईलच्या टोटेम भागात दुसरा इंटरफेस ब्लॉक टाका आणि केनेट लिंक प्रायॉरिटीमध्ये नव्या वायरीला मोठा आकडा द्या, मोठा आकडा असलेली लिंक आधी वापरली जाते. फाईल जागेवर एडिट करू नका, ती सेव्ह होताक्षणी सगळ्या होस्टांवर पसरते आणि लागू होते, अर्धवट सेव्ह झाली तर एका झटक्यात सगळं क्लस्टर आडवं. कॉपी करा, कॉपीत बदल करा, कॉन्फिग व्हर्जनचा आकडा एकनं वाढवा (हे विसरलं की बदल लागूच होत नाही), आणि मग मूळ फाईलच्या जागी हलवा. हे सगळं होईपर्यंत एचए बंदच. शेवटी कोरोसिंक-सीएफजीटूल मायनस एस मारून दोन्ही लिंक कनेक्टेड दिसतात का बघा, प्रत्येक होस्टवर बघा, एकावर बघून घरी जाऊ नका.

कोरोसिंक एलएसीपी बॉन्डवर (दोन वायरी जोडून केलेल्या एका लिंकवर) टाकून 'रिडंडंट आहे की' म्हणणारे भेटतात. बॉन्डचा एक पाय स्लो मोडमध्ये मेला तर ते लक्षात यायला ९० सेकंदांपर्यंत जाऊ शकतात आणि वॉचडॉग ६० लाच उडवतो. दोन वेगळ्या लिंक दिल्यात तर कोरोसिंक आपलं आपण बघतं.

आता दुसरा प्रकार, जो आपल्याकडं जास्त दिसतो आणि पुण्या-मुंबईच्या लोकांना सांगितला तर हसतात: तिन्ही होस्ट एकदम रीबूट. इथं बॅकअपचा संबंध नसतो. वेळ बघा, ती लाईट गेल्याची असते. सर्व्हर यूपीएसवर असतात, स्टोरेज यूपीएसवर असतं, पण स्विच? स्विच रॅकच्या मागच्या साध्या एक्स्टेन्शन बोर्डावर. लाईट जाते, जनरेटर दहा-पंधरा सेकंदांत लोड घेतो, ट्यूबलाईट लागतात, सगळ्यांना वाटतं काही झालं नाही. पण मॅनेज्ड स्विचला परत बूट व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात, वरून पोर्टला स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये लूप होऊ नये म्हणून स्विच करतो ती तपासणी) चालू असेल तर अजून ३० सेकंद पोर्ट काही पुढं ढकलत नाही. तेवढ्यात ६० सेकंद कधीच उलटून गेले. तिघांपैकी कुणालाच कुणी दिसत नाही, कोरम कुणाकडंच नाही, तिघंही नियमाप्रमाणं स्वतःला रीसेट मारतात. यूपीएसवर चालू असलेले सर्व्हर लाईटमुळं पडले असं हे दिसतं, आणि मग यूपीएसवाल्याला शिव्या बसतात, त्याचा काही दोष नसतो. स्विचची पिन यूपीएसमध्ये लावा, सर्व्हरच्या पोर्टांना पोर्टफास्ट किंवा तुमच्या स्विचवर जे एज पोर्टचं सेटिंग असेल ते करा, आणि कोरोसिंकचा वेगळा छोटा स्विचसुद्धा यूपीएसवरच. दोन यूपीएस असतील तर दोन स्विच दोन वेगवेगळ्या यूपीएसवर.

तिसरा प्रकार रीबूटचा नाही पण फोनवर तो रीबूट म्हणूनच सांगितला जातो: 'होस्ट ग्रे झालाय, प्रश्नचिन्ह यायलंय'. वेब स्क्रीनवर होस्ट, व्हीएम, स्टोरेज सगळ्यांवर करडं प्रश्नचिन्ह. घाबरून होस्ट रीबूट करू नका, व्हीएम आतून मस्त चालू असतात, काट्यावर जाऊन विचारा. स्टेटस गोळा करणारी पीव्हीईस्टॅटडी नावाची सर्व्हिस कुठल्यातरी स्टोरेजवर अडकलेली असते, बहुतेक वेळा कुणीतरी बंद केलेल्या जुन्या एनएएसच्या एनएफएस माउंटवर. होस्टवर डीएफ (डिस्कची जागा दाखवणारी कमांड) मारा, तो लटकला तर हेच. टॉपमध्ये लोड ॲव्हरेज वीस-तीस दिसेल पण सीपीयू मोकळा, कारण प्रोसेस डी स्टेटमध्ये डिस्कची वाट बघत बसल्यात. ते स्टोरेज पीव्हीईएसएम ह्या स्टोरेजच्या कमांडनं डिसेबल करा, माउंट फोर्स आणि लेझी दोन्ही देऊन अनमाउंट करा, मग पीव्हीईस्टॅटडी रीस्टार्ट. रंग परत येतो. ह्या अवस्थेत रीबूट दिला तर शटडाउनसुद्धा त्याच माउंटवर अडकून बसतं आणि शेवटी बटण दाबून मारावं लागतं, म्हणजे चालू व्हीएम उगं पाडल्या.

आयस्कझी (नेटवर्कवरून डिस्क जोडायची पद्धत) वापरत असाल तर दोन गोष्टी अजून. पहिली, एका सर्व्हरची डिस्क क्लोन करून दुसरा सर्व्हर उभा केला असेल तर दोघांचं इनिशिएटर नाव (स्टोरेज होस्टला ज्या नावानं ओळखतं ते) एकच असतं. स्टोरेजला वाटतं एकच माणूस दोन दारांनी यायलाय, मग ते एकाला आत घेताना दुसऱ्याला बाहेर काढतं, आणि लॉगमध्ये सेशन सारखं तुटतंय-जोडतंय दिसतं. प्रत्येक होस्टवर इनिशिएटरनेमची फाईल उघडून बघा, तिन्ही नावं वेगळी पाहिजेत. दुसरी, एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा जास्तीत जास्त आकार. होस्टला ९००० केलं, स्टोरेजला ९००० केलं, मधला स्विच १५०० वर राहिला. लॉगिन होतं, लन (स्टोरेजनं दिलेली डिस्क) दिसतो, आणि खरी कॉपी सुरू केली की लटकतं. साधा पिंग पास होतो म्हणून नेटवर्क ठीक आहे असं सर्टिफिकेट देऊ नका, तुकडे न करण्याचा पर्याय देऊन ८९७२ साईजचा पिंग मारा (९००० मधून आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ बाइट वजा). तो गेला तरच खरं. मल्टिपाथमध्ये (स्टोरेजकडं जायच्या एकाहून जास्त वाटा सांभाळणाऱ्या सोयीत) नो पाथ रीट्रायला 'क्यू' ठेवलेलं असेल तर सगळे पाथ गेल्यावर व्हीएमचं आयओ कायमचं रांगेत बसतं, एरर पण येत नाही, हेही माहीत असू द्या.

स्टोरेज जोडताना 'शेअर्ड' असं एक टिकमार्क असतं त्याबद्दल पण एकदा बोलू, कारण ते मारलं की स्टोरेज शेअर्ड होतं असा भाबडा विश्वास लई जणांचा. ते टिकमार्क फक्त प्रॉक्समॉक्सला सांगतं की हे स्टोरेज सगळ्या होस्टांवर आधीच सारखं आहे. लोकल फोल्डरला ते मारलं तर व्हीएम दुसऱ्या होस्टवर जाते आणि तिथं डिस्कच सापडत नाही. आणि एकच लन दोन होस्टांवर ईएक्सटी४ करून माउंट करणाऱ्यांनी तर आजच थांबावं, ती फाईलसिस्टीम एका वेळी एकाच मशीनसाठी बनलेली आहे. लनवर एलव्हीएम (डिस्कचे वेगवेगळे व्हॉल्यूम पाडायची पद्धत) करा, तेच सगळ्या होस्टांना दाखवा, प्रॉक्समॉक्स कुठला व्हॉल्यूम कोण वापरतंय ते सांभाळतं.

इंटरनेटवर शोधलं की सगळ्यात आधी सापडणारी कमांड म्हणजे पीव्हीईसीएम एक्स्पेक्टेड वन. कोरम गेला, कॉन्फिग रीड-ओन्ली झालं, ही मारली की सगळं उघडतं. उघडतं हे खरं. पण तिचा अर्थ 'आता मी एकटाच आहे' असा होतो, आणि दुसरे होस्ट खरंच बंद आहेत का हे ती तपासत नाही. ते बंद नसतील, फक्त वायर तुटलेली असेल, आणि तुम्ही इकडं तीच व्हीएम चालू केली तर वर सांगितलेला दोन मुनिमांचा खेळ तुम्ही स्वतःच्या हातानं सुरू केला. ही मारायच्या आधी सर्व्हर रूममध्ये जाऊन दुसऱ्या होस्टचा दिवा बंद आहे हे बघून या, फोनवर वॉचमनला विचारून नको. दोनच होस्टांचं क्लस्टर असेल तर ही वेळ वारंवार येते, कारण दोघांत कोरम म्हणजे दोघंही पाहिजेत. त्यासाठी क्यूडिव्हाइस आहे, एखाद्या वेगळ्या छोट्या मशीनवर क्यूनेटडी नावाची त्याची सर्व्हिस टाका, तिसरं मत मिळतं. ते मशीन त्याच क्लस्टरमधली व्हीएम असून उपयोग नाही, हे सांगावं लागतं कारण तसं केलेलं बघितलंय.

होस्ट मुद्दाम खाली घ्यायचा असेल, रॅम वाढवायला म्हणा की धूळ काढायला (इथली धूळ काढावीच लागते), तर सरळ शटडाउन न देता मेंटेनन्स मोड वापरा. ७.३ पासून एचए मॅनेजरच्या सीआरएम कमांडमधून नोड मेंटेनन्स एनेबल करता येतं, एचएमधल्या व्हीएम आपोआप दुसरीकडं सरकतात, काम झालं की डिसेबल केल्यावर परत येतात. एचएमध्ये नसलेल्या व्हीएम मात्र हातानं हलवाव्या लागतात. तिन्ही सर्व्हर वेगवेगळ्या जनरेशनचे असतील, आणि सेकंडहँड घेतले की असतातच, तर व्हीएमचा सीपीयू टाईप 'होस्ट' ठेवू नका, नव्यावरून जुन्यावर लाईव्ह मायग्रेट केल्यावर व्हीएम तिथल्या तिथं गोठते आणि लोक परत स्टोरेजवर संशय घेत बसतात.

आणि लाईट लांब गेली, जनरेटरचं डिझेल संपत आलं, आता सगळंच बंद करायचंय अशा वेळी डेटासेंटरच्या ऑप्शनमध्ये शटडाउन पॉलिसी काय आहे ते आधीच बघून ठेवलेलं असू द्या. 'मायग्रेट' असेल तर पहिला होस्ट आपल्या व्हीएम दुसऱ्यावर ढकलतो, दुसरा तिसऱ्यावर, यूपीएसची बॅटरी मायग्रेशनमध्येच संपते. पूर्ण बंद करताना आधी पॉलिसी 'फ्रीझ' (व्हीएम कुठं हलवू नको) करा, मग व्हीएम, मग तिन्ही होस्ट, मग स्टोरेज, शेवटी स्विच. चालू करताना उलटं: स्विच, स्टोरेज पूर्ण वर आलंय आणि लन दिसतायत हे बघून मग होस्ट. होस्ट आधी चालू केले तर ते रिकाम्या पाथवर लॉगिन मारत बसतात आणि अर्ध्या व्हीएम उठत नाहीत. सगळं वर आलं की पॉलिसी परत होती तशी करून ठेवा.